मोठेपणी एडीएचडीचं निदान झालं. आता गावात राहून काय करायचं?

हा लेख दोन तऱ्हेच्या माणसांसाठी आहे. एक, ज्यांच्या हातात डॉक्टरांचा कागद आलाय आणि त्यावर एडीएचडी लिहिलंय. दुसरे, ज्यांनी मोबाईलवर काहीतरी पाहिलं आणि "हे तर माझंच चाललंय" असं वाटून ज्यांची झोप उडाली. दोघंही तालुक्याच्या गावापासून लांब राहतात. घरी कापूस, सोयाबीन, तूर आहे, नाहीतर लहानसं दुकान. घरात "मानसिक" हा शब्द निघाला की माय देव्हाऱ्याकडे पाहते. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. माझं निदान पस्तिशीनंतर झालं. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधाबद्दल पुढे जे आहे ते डॉक्टरांशी काय बोलायचं हे कळावं एवढ्यापुरतंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: गावात नाव कमी, सोय जास्त. एडीएचडी हे नाव चार माणसांना माहीत असलं तरी पुरतं. सोय मात्र घराच्या भिंतीवर, कोठ्यात, वावराच्या धुऱ्यावर उघडी दिसली पाहिजे.

आधी हे आहे काय

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मेंदूची घडण लहानपणापासूनच जराशी वेगळी असते. मोठेपणी ती नव्याने लागत नाही, फक्त ओळखली जाते. घराण्यात चालत येते, त्यामुळे निदान झाल्यावर पुष्कळांना आपला बाप, काका, आजी नव्याने दिसायला लागतात. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं ज्या वाटांनी काम करतात, तिथे हा फरक असतो. आईबापाने लाड केले, मार कमी दिला, मोबाईल हातात दिला म्हणून एडीएचडी होत नाही.

"लक्ष नसतं" हे अर्धंच खरं. लक्ष असतं, पण ते कुठे लावायचं हे आपल्या हाती राहत नाही. बिघडलेला फवारणी पंप खोलून बसलो तर जेवणाचं भान नाही, आणि सेतू केंद्रातून एक दाखला आणायचा तर महिना जातो. मोटर ठणठणीत, स्टार्टरच धरत नाही, असा प्रकार. लोकांना चालू असलेली मोटर दिसते, म्हणून ते बंद मोटरला आळस म्हणतात.

काहींमध्ये विसरणं, भटकणं, अर्धवट सोडणं जास्त. काहींमध्ये चुळबूळ, मधेच बोलणं, तडकाफडकी निर्णय जास्त. काहींमध्ये दोन्ही. लहानपणी जी पळापळ असते ती मोठेपणी पुष्कळदा अंगाच्या आत जाते. माणूस पारावर बसलेला दिसतो, पण आत काहीतरी सतत धावत असतं. बायांमध्ये पहिला प्रकार जास्त दिसतो आणि तोच सगळ्यात उशिरा ओळखला जातो, कारण वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या पोट्टीचा कोणाला त्रास नसतो. पुढे ती धांदरट सून ठरते, दूध उतू घालवणारी. पोट्टा असला तर भैताड.

पायरी १: मोबाईलवरच्या चाचणीला निदान समजू नका

जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची सहा प्रश्नांची एक चाळणी आहे, एएसआरएस नावाची. तिच्यात गुण जास्त आले तर एवढंच कळतं की डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ आहे. निदान करताना डॉक्टर दोन गोष्टी खोदून विचारतात. त्रास वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून होता का? आणि तो एकाच ठिकाणी आहे की घर, काम, बाजार सगळीकडे? २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत सतरा वर्षं आणि पुढच्यांसाठी नऊपैकी पाच लक्षणं पुरेशी धरली आहेत; लहान मुलांसाठी सहा लागतात. जुन्या आवृत्तीत लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाच्या आधीची हवी होती, ती अट सैल झाली. आज चाळिशीत असलेले कितीतरी जण तेव्हा का सुटले, याचं एक कारण इथे आहे.

लहानपणाचा प्रश्न महत्त्वाचा का, तेही सांगतो. दोन हंगाम हातचे गेलेले, डोक्यावर कर्ज, अशा माणसाचंही लक्ष लागत नाही. त्याला एडीएचडी असेलच असं नाही. थायरॉईड, अंगात रक्त कमी असणं, घोरण्यामुळे मोडणारी झोप, दारू, उदासी, या सगळ्यांत माणूस विसरभोळा होतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, त्यात थकवा असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आधी पाहून घ्या. सिकलसेलची तपासणी कधी झाली नसेल तर तीही.

पायरी २: कोणाकडे जायचं आणि पिशवीत काय न्यायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. त्याशिवाय नागपूरला मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, आणि एम्स. वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, पण घरच्यांनी "पागलखान्यात कायले गेला होता" म्हणून डोकं खाल्लं तर पुढचं सगळं अवघड होतं. पहिल्या खेपेला जनरल दवाखान्याची ओपीडी बरी, हे माझं मत.

जाण्याआधी कोणाशी तरी बोलून पाहायचं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. घरात रेंज नसेल तर वावरातून लावा; तिथे ऐकणारंही कोणी नसतं.

आता पिशवी. शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं असतील तर न्या. गुरुजींनी लिहिलेलं "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हे वाक्य डॉक्टरांना खूप काही सांगतं. ती उंदरांनी खाल्ली असतील तर लहानपण पाहिलेलं माणूस सोबत घ्या: माय, मोठी बहीण, मामा. मायला आधी एवढंच सांगा, "डॉक्टर मी लहान असतानाचं विचारतील, जे होतं ते सांग, झाकू नको." नाहीतर ती तिथे तुमची बाजू घेऊन "पोरगं लय गुणाचं होतं जी, काही त्रास नव्हता" म्हणेल आणि तुमचा दिवस पाण्यात.

ओपीडीत गर्दी असते, पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात सगळं आठवत नाही. आपल्यालाच तर विसरण्याचा त्रास. म्हणून एका कागदावर ताजे प्रसंग लिहून न्या. "लक्ष लागत नाही" असं मोघम नको. "मोटर चालू करून घरी आलो, रात्रभर पाणी वाहिलं." "मुलीची फी खिशात घेऊन शाळेत गेलो, गप्पा मारून फी न भरता आलो." अशा ओळी लिहा. खर्रा किती खाता, चहा किती, दारू किती, हे खरं लिहा. तंबाखूतल्या निकोटिनने लक्ष थोडा वेळ टिकल्यासारखं वाटतं, आणि एडीएचडी असलेल्यांमध्ये तंबाखूचं प्रमाण जास्त आढळतं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं तर औषधाचा हिशेब चुकतो.

निदान एका भेटीत होईलच असं नाही. एमआरआय किंवा रक्ताच्या तपासणीतून एडीएचडी दिसत नाही. कोणी महागडं स्कॅन करून "नक्की सांगतो" म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ३: औषध

भारतात मुख्य दोन औषधं दिली जातात. मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी काम करतं, आणि साध्या गोळीचा असर काही तासांत उतरतो. लांब चालणाऱ्या गोळ्याही असतात. अ‍ॅटॉमॉक्सेटिन रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. सुरू करण्याआधी बीपी, नाडी, वजन पाहतात. घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल तर ते न विचारता सांगा. भूक मरणं, झोप उडणं, छाती धडधडणं असे त्रास होऊ शकतात. विदर्भाचा मे महिना आणि मेलेली भूक हे एकत्र आलं की माणूस जेवण आणि पाणी दोन्ही विसरतो. सकाळी गोळीच्या आधी पोटभर खाऊन घ्या.

मिथाइलफेनिडेट कडक नियमांतलं औषध आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते बहुतेक मिळत नाही. तेव्हा जिथे दाखवता तिथूनच घ्या, आणि गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीची तारीख भिंतीवर लिहा. आपली गोळी परीक्षेला बसलेल्या भाच्याला देऊ नका. हे लिहायची गरज पडते, कारण मागणारे भेटतात.

गोळीने स्टार्टर धरतो, पण कुठलं काम आधी ते गोळी सांगत नाही. तिथून पुढची पायरी.

पायरी ४: डोक्यातलं काम बाहेर काढा

मनाशी ठरवणं, शपथ घेणं, देवापुढे नारळ फोडणं, हे आपण सगळ्यांनी करून झालंय. आता आठवण्याचं काम वस्तूंवर सोपवा.

घरात एकच फळा, तोही जिथे रोज नजर जाते तिथे: चुलीपाशी किंवा मोरीच्या वाटेवर. त्यावर आजची तीन कामं, जास्त नाही. चौथं लिहायचं तर एक पुसा. दाराजवळ एक खिळा: गाडीची चावी, वावरातल्या खोलीची चावी, पाकीट, सगळं त्यावर. खिळा भरलेला दिसला नाही तर घरात पाय ठेवायचा नाही. महत्त्वाचे कागद, म्हणजे सातबारा, बँकेचं पुस्तक, आधार, एका पत्र्याच्या पेटीत. पेटीची जागा घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत हवी.

वावरातलं जरा बारकाईने सांगतो, कारण याबद्दल कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. पऱ्हाटीला खत देताना मधेच फोन आला की आपण बोलत बोलत धुऱ्यावर जातो, आणि परत आल्यावर कोणत्या तासावर, म्हणजे ओळीवर, होतो ते आठवत नाही. दोन तासं उपाशी राहतात, दोनांना दुप्पट खत पडतं. खिशात लाल चिंधी ठेवा. फोन घ्यायच्या आधी ती हातातल्या झाडाला बांधायची, मग बोलायचं. फवारणीच्या वेळी औषध टाकलं की नाही याचा घोळ होतो. त्यासाठी बाटली ड्रमच्या डाव्या बाजूला ठेवा. टाकून झाली की लगेच उजव्या बाजूला. पाणी भरताना बाटली कुठे आहे तेवढंच पाहायचं. किती पंप झाले ते खड्यांवर मोजा, एक पंप एक खडा. आणि फवारणी असेल त्या दिवशी मोबाईल घरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. आपलं लक्ष मधेच सुटतं हे माहीत असताना मास्क, हातमोजे आणि सोबत दुसरं माणूस नसेल तर पंप पाठीवर घेऊच नका. थ्रेशरलाही तेच.

मोटरला टायमर बसवून घ्या किंवा मोबाईलवरून बंद होणारा स्टार्टर. रात्रीची लाईन असेल तर गजर दोन लावा, दुसरा अंथरुणापासून लांब.

सगळ्यात उपयोगी पडते ती सोबत. एकट्याने सुरू न होणारं काम शेजारी कोणी नुसतं बसलं तरी सुरू होतं. शहरात लोक यासाठी व्हिडिओ कॉल लावून एकमेकांसमोर बसतात. आपल्याकडे ओसरीवर तूर निवडत बसलेली मावशी असतेच. "मावशी, इथंच बसा जरा, मी एवढा हिशोब लिहितो," एवढंच म्हणायचं. डवरणीला जोडीदार, बँकेत जाताना शेजारचा भाऊ. कारण सांगायची गरज नाही.

पायरी ५: पैसा

कापूस विकून रोकड हातात आली तो दिवस धोक्याचा. त्या दिवशी काही विकत घ्यायचं नाही. मोठी खरेदी पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबवायची. तोवर हौस उरली तर घ्या. पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते, विसरलं तर जाते, म्हणजे विसरण्याला रोख दंड आहे. कर्जाची आणि ई-पीक पाहणीची शेवटची तारीख फळ्यावर लाल खडूने लिहा, आणि खरी तारीख न लिहिता आठ दिवस आधीची लिहा. कृषी केंद्राची उधारी घरातल्या दुसऱ्या माणसाने महिन्याला एकदा पाहावी.

पायरी ६: विषाची बाटली कुलपात

हे स्वतंत्र लिहितोय. एडीएचडीसोबत उदासी आणि चिंता पुष्कळदा येते. आपल्यात तडकाफडकी करण्याची सवय असते, आणि आपल्या भागात प्रत्येक घरात कीटकनाशक असतं. रागाचा, निराशेचा झटका जोरात येतो आणि पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यावर जीव अवलंबून असतो. फवारणीची औषधं घरात नकोत. वावरातल्या पेटीला कुलूप, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मनात मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ लावा, जवळच्या माणसाला सांगा, आणि एकटे राहू नका. कोणी विष घेतलं असेल तर लिंबू-मीठ पाजत, उलट्या करवत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात न्या.

पायरी ७: घरी आणि गावात काय सांगायचं

निदान झालं की पहिले काही दिवस सगळ्यांना सांगावंसं वाटतं. थोडं थांबा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, पण पारावर तो कायदा चालत नाही. ज्याच्यासोबत रोजचं काम आहे त्याला सांगा, आणि नावापेक्षा सोय मागा. बायकोला: "मले तोंडी सांगितलेलं राहत नाही, फळ्यावर लिहीत जा." बाबांना: "एका वेळी एकच काम सांगा, ते झालं की दुसरं." सालदाराला: "मी विसरलो तर टोक, मी रागावणार नाही." हे शेवटचं पाळावं लागतं.

माय म्हणेल बाहेरचं आहे, अमक्या बाबाकडे जाऊ. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. देवाला जायचं तर जाऊ, गोळीही घेऊ, हा तह चालतो. मारझोड करणारा, पैसे उकळणारा भोंदू असेल तर मात्र तह नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

"असं तर सगळ्यांचंच होते बापा," हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकावं लागेल. विसरतात सगळेच, खरं आहे. पण विसरण्यापायी नोकरी, नातं किंवा वावर हातचं जायची वेळ सगळ्यांवर येत नाही. एवढं एकदा सांगा आणि विषय बदला. उलट टोकाला, एडीएचडी ही दैवी देणगी आहे असं सांगणारेही भेटतील. मला ते पटत नाही. ज्याची मोटर रात्रभर चालू राहिली त्याला देणगी कशी सांगायची?

पायरी ८: जागृती करायची असेल तर शाळेपासून

माणसांचे मेंदू वेगवेगळ्या घडणीचे असतात, हा विचार ऑटिस्टिक लोकांच्या चळवळीतून १९९० च्या दशकात पुढे आला. त्यात ऑटिझम, एडीएचडी, वाचन-लेखनातली अडचण असं सगळं येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचं नाव तिथे वेगळं नाही. म्हणून निव्वळ एडीएचडीच्या कागदावर प्रमाणपत्र मिळेल या आशेने खेटे घालू नका. पण वाचन-लेखनाची अडचण किंवा ऑटिझम सोबत आहे का, हे मात्र तपासून घ्या.

गावात भाषण ठेवलं तर लोक चहापुरते येतात. मला शाळेची वाट जास्त कामाची वाटते, कारण हे घराण्यात चालतं आणि आपल्यासारखं पोट्टं आज तिसरीत बसलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा आणि अंगणवाड्या तपासायला येतं. त्यांच्या यादीत एडीएचडी, ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, पण घाईत दात, डोळे, वजन पाहून होतं आणि खिडकीबाहेर पाहणारी पोट्टी तशीच राहते. मुख्याध्यापकांना भेटा, पथक कधी येणार ते विचारा, आणि वर्गशिक्षकांनी ज्या दोन-तीन मुलांवर शंका आहे त्यांची नावं आधीच लिहून ठेवावीत असं सुचवा. नावं फळ्यावर नको, डायरीत. पथकाने पुढे पाठवलं की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. आईबाप मजुरी बुडेल म्हणून नेत नाहीत, तेव्हा आशाताईंना सोबत घेऊन त्यांच्या घरी जा, आणि जायचा दिवस बाजाराचा सोडून ठरवा.